फायबरमध्येच सिग्नलची वेव्हलेंग्थ बदलायची: एचएनएलएफवर फोर-वेव्ह मिक्सिंगचं सेटअप

नॉनलिनिअर फायबर किंवा चिप मागवायच्या आधी कागदावर एक गुणाकार करून बघा, गॅमा (फायबर किंवा चिप दर वॅटला, दर लांबीला किती नॉनलिनिअर फेज देते तो आकडा) गुणिले पंप पॉवर (पंप म्हणजे हे काम करवणारा जोरदार लेसर) गुणिले लांबी. उत्तर अर्ध्या रेडियनच्या आसपास येत नसेल तर ऑर्डर देऊ नका. या विषयात नवीन आलेला जवळपास प्रत्येक जण आधी विचारतो की सगळ्यात जास्त नॉनलिनिअर काच कुठली, आणि मग चॅल्कोजेनाइडच्या (गंधक, सेलेनियम वगैरे असलेल्या काचेच्या) मागे लागतो, पण काचेचा नॉनलिनिअर इंडेक्स येतो फक्त गॅमामध्ये, आणि गॅमा हा त्या गुणाकारातला फक्त एक आकडा आहे, बाकीचे दोन लॅबमध्ये कपाटात पडलेले असतात.

इथे आपण एकच काम धरलंय, १५४५ नॅनोमीटरवरचं १० गिगाबिटचं साधं ऑन-ऑफ सिग्नल इलेक्ट्रॉनिक्समध्ये न उतरवता १५५५ वर न्यायचं. हे एकदा जमलं की रीजनरेशन (सिग्नल परत साफ करणं), डीमल्टिप्लेक्सिंग (एकत्र आलेले सिग्नल वेगळे करणं), फेज कॉन्जुगेशन (फेज उलटा करणं) हे सगळं थोड्याफार फरकाने त्याच टेबलावर होतं, कारण मुळातला खेळ एकच, केर इफेक्ट. प्रकाशाची तीव्रता वाढली की काचेचा इंडेक्स (अपवर्तनांक) अगदी किंचित वाढतो, आणि तो फरक काही फेमटोसेकंदात होतो आणि जातो, त्यामुळे शेकडो गिगाबिटला सुद्धा काच मागे पडत नाही. किंचित म्हणजे किती, तर सिलिकाचा (साध्या फायबरच्या काचेचा) नॉनलिनिअर इंडेक्स २.६ गुणिले १० चा उणे २०वा घात, चौरस मीटर प्रति वॅट. एवढ्याशा परिणामातून काम काढायचं म्हणजे प्रकाश बारीक कोअरमध्ये दाबायचा आणि लांब अंतर पळवायचा, दुसरा मार्ग नाही.

गॅमामध्ये इंडेक्स आणि कोअरचं क्षेत्रफळ दोन्ही येतात. साध्या सिंगल-मोड फायबरचं प्रभावी क्षेत्रफळ साधारण ८० चौरस मायक्रॉन, गॅमा येतो १.३ प्रति वॅट प्रति किलोमीटर. एचएनएलएफ म्हणजे हायली नॉनलिनिअर फायबर, त्यात कोअरमध्ये जर्मेनियम जास्त घालतात आणि बाजूचा इंडेक्स फ्लोरिनने खाली ढकलतात, त्यामुळे क्षेत्रफळ ११-१२ चौरस मायक्रॉनवर येतं आणि गॅमा १० च्या आसपास. लॉस किलोमीटरला १ डीबीच्या (पॉवरच्या गुणोत्तराचं लॉग माप, १० डीबी म्हणजे दहापट) आतबाहेर. ओएफएस, सुमितोमो, फुरुकावा यांनी असं फायबर बनवलेलं आहे. आपल्याकडे संभाजीनगरला स्टरलाइटचा मोठा फायबर प्लांट आहे खरा, पण तिथला माल टेलिकॉमचा, म्हणजे नॉनलिनिअरिटी जितकी कमी तितकं त्यांना बरं, आपल्याला बरोबर उलटं हवंय.

आता गुणाकार. ५०० मीटर एचएनएलएफ, १०० मिलीवॅट पंप, गॅमा १०, उत्तर ०.५. किलोमीटरला ०.८ डीबी लॉस धरून प्रभावी लांबी ४७८ मीटर होते, म्हणजे ०.४८. याचा वर्ग केला की कन्व्हर्जन एफिशियन्सी मिळते, ०.२३, म्हणजे उणे ६.४ डीबी, आणि फायबरचा लॉस टाकून उणे ७ च्या जवळपास. हा आकडा भिंतीवर चिकटवून ठेवा, नंतर प्रत्येक मोजमाप याच्याशी ताडून बघायचंय.

वेव्हलेंग्थ ठरवताना फ्रिक्वेन्सीमध्ये विचार करायचा. फोर-वेव्ह मिक्सिंगमध्ये पंपचे दोन फोटॉन जातात, त्यातून एक सिग्नलचा आणि एक आयडलरचा (नव्या वेव्हलेंग्थवर उगवणाऱ्या सिग्नलच्या नकलेचा) निघतो, म्हणून आयडलरची फ्रिक्वेन्सी म्हणजे पंपची दुप्पट वजा सिग्नलची. पंप १५५०, सिग्नल १५४५, तर आयडलर १५५५.०३ वर. ते शेवटचे ०.०३ विसरू नका, अरुंद फिल्टर लावला की त्यानेच चुकामूक होते. पंप कुठे ठेवायचा हे मात्र तुम्ही ठरवत नाही, फायबर ठरवतं. डेटाशीटवर झिरो-डिस्पर्शन वेव्हलेंग्थ (जिथे डिस्पर्शन, म्हणजे वेव्हलेंग्थनुसार वेग बदलणं, शून्य होतं) दिलेली असते, पंप तिथे किंवा तिच्यापेक्षा थोडा लांब वेव्हलेंग्थच्या बाजूला. थोडा लांब का, तर पंप स्वतःच जो नॉनलिनिअर फेज टाकतो तो त्या बाजूच्या डिस्पर्शनने कापला जातो आणि फेज मॅचिंग, म्हणजे लहरी एका तालात राहणं, जुळतं. फार लांब नेला की मॉड्युलेशन इन्स्टॅबिलिटीचा (पंप स्वतःच शेजारचा नॉइज वाढवतो त्या प्रकाराचा) नॉइज पंपच्या दोन्ही बाजूंना फुगायला लागतो. आणि डेटाशीटचा आकडा सरासरी असतो, ही वेव्हलेंग्थ एकाच स्पूलमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत थोडी सरकत जाते, त्यामुळे पंप थोडा थोडा सरकवून आयडलर कुठे सगळ्यात वर येतो ते स्वतः बघायचं. याच कारणाने लांब स्पूल नेहमी चांगला असं नाही. १ किलोमीटरला एफिशियन्सी वाढते पण सिग्नल पंपापासून किती दूर चालेल ती बँडविड्थ आकसते, मला विचाराल तर पहिल्या सेटअपला २०० ते ५०० मीटरच बरं.

जोडणी अशी. पंप लेसर, त्यातून पोलरायझेशन-मेंटेनिंग फायबरने फेज मॉड्युलेटर, मग ईडीएफए (एर्बियम फायबरचा अॅम्प्लिफायर), मग बँडपास फिल्टर, मग तीन पॅडलवाला पोलरायझेशन कंट्रोलर, मग ९०-१० कपलरच्या ९० वाल्या हातात. सिग्नल स्वतःच्या कंट्रोलरमधून १० वाल्या हातात. कपलरनंतर सर्क्युलेटर (मागे येणारा प्रकाश वेगळ्या पोर्टवर काढणारा), मग एचएनएलएफ, मग १ टक्क्याचा टॅप ओएसएकडे (ऑप्टिकल स्पेक्ट्रम अॅनालायझरकडे) आणि उरलेलं फिल्टर करून रिसीव्हरकडे. मॉड्युलेटर ईडीएफएच्या आधीच, नंतर लावलात तर निम्मी पॉवर त्यातच जाते आणि लिथियम नायोबेटला तेवढी पॉवर सोसवतही नाही. फिल्टर ईडीएफएच्या नंतर, हा टाळू नका, कारण अॅम्प्लिफायरचा एएसई नॉइज (त्याच्या स्वतःच्याच उत्सर्जनाचा) पूर्ण सी-बँडभर (साधारण १५३० ते १५६५ नॅनोमीटर) पसरलेला असतो, आयडलर जिथे उगवणार तिथेही, आणि मग कमकुवत आयडलर त्या गवतातच हरवतो. फिल्टर घेताना तो किती पॉवर सोसतो ते आधी वाचा, बरेच ट्यूनेबल फिल्टर १०० मिलीवॅटच्या पुढे चालत नाहीत.

पॉवरचं बजेट उलट्या बाजूने मांडायचं. एचएनएलएफमध्ये २० डीबीएम (१ मिलीवॅटच्या तुलनेत मोजलेले डीबी, २० म्हणजे १०० मिलीवॅट) हवेत, स्प्लाइस (फायबर वितळवून केलेला जोड) आणि सर्क्युलेटर मिळून एक-सव्वा डीबी, कपलरचा अर्धा-पाऊण, फिल्टर दोन-अडीच, कंट्रोलर किरकोळ, म्हणजे ईडीएफएतून २४ ते २५ डीबीएम बाहेर पडले पाहिजेत. सिग्नलचे कपलरमध्येच १० डीबी जातात, त्यामुळे त्यालाही छोटा अॅम्प्लिफायर लागेल, एचएनएलएफच्या तोंडाशी ० ते ३ डीबीएम पुरे. सिग्नल आणखी वाढवायचा मोह होतो, कारण आयडलर वाढताना दिसतो, पण मग १५४० वर दुसरा आयडलर डोकं काढतो, पंप रिकामा व्हायला लागतो आणि बिटचे पॅटर्न एकमेकांत मिसळतात.

आता सुरक्षिततेचं, आणि हे कंटाळवाणं वाटलं तरी वाचा. १५५० नॅनोमीटर डोळ्याला दिसत नाही, पाव वॅट सुद्धा दिसत नाही. कनेक्टर काढायच्या आधी ईडीएफए बंद, कधीही उलटं नाही, आणि हे फक्त डोळ्यासाठी नाही, चालू पॉवरवर कनेक्टर काढला-लावला की टोकावरची धूळ जळून काचेला खड्डा पडतो आणि मग तो पिगटेल (टोकाला कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा) कचऱ्यात. प्रत्येक कनेक्टर लावायच्या आधी पुसायचा आणि स्कोपखाली बघायचा, प्रत्येक म्हणजे प्रत्येक. हिरवा एपीसी आणि निळा पीसी एकमेकांत घुसवायचे नाहीत, ते घुसतात हीच अडचण आहे, घुसतात आणि मधे फट राहते. एचएनएलएफचा मोड (फायबरमधल्या प्रकाशाचा ठिपका) साधारण ४ मायक्रॉनचा आणि साध्या फायबरचा १० मायक्रॉनच्या पुढे, त्यामुळे स्प्लाइस मशीनच्या नेहमीच्या प्रोग्रॅमवर केलात तर काही डीबी सहज जातील. आर्क जास्त वेळ चालू ठेवला की जर्मेनियम बाहेर पसरतं, मोड मोठा होत जातो आणि लॉस ०.१-०.२ डीबीपर्यंत उतरतो. पण पैसे असतील तर पिगटेल आधीच स्प्लाइस केलेला मॉड्यूलच घ्या, उगाच त्रास.

जोडलंत, पंप चालू केलात, आणि पॉवर हळूहळू वाढवताना १३ ते १६ डीबीएमच्या आसपास कुठेतरी पुढे येणारी पॉवर वाढायचीच थांबते. इथे बहुतेक जणांना वाटतं ईडीएफए खराब झाला. तसं नसतं, हा ब्रिल्वाँ स्कॅटरिंगचा प्रताप. पंप स्वतःच फायबरमध्ये ध्वनिलहर तयार करतो आणि त्या लहरीवरून आपटून मागे फिरतो, साध्या सिलिकात साधारण ११ गिगाहर्ट्झ खाली सरकून, एचएनएलएफमध्ये जर्मेनियममुळे ९ ते १० गिगाहर्ट्झ. सर्क्युलेटर याच्यासाठीच लावलाय, त्याच्या तिसऱ्या पोर्टवर पॉवर मीटर ठेवा. तिथली पॉवर पंपाबरोबर सरळ चढत असेल तर ते साधं रेले आणि कनेक्टरचं परावर्तन, एकदम उभी उसळली की थ्रेशोल्ड आलं समजा.

उपाय असा की पंपची लाइन (स्पेक्ट्रममधली रेघ) रुंद करायची. ब्रिल्वाँची स्वतःची रुंदी काही दहा मेगाहर्ट्झच असते, त्याच्यापेक्षा जास्त अंतरावर पंपची पॉवर वाटून टाकली की प्रत्येक तुकडा स्वतःच्या थ्रेशोल्डखाली राहतो. फेज मॉड्युलेटरला १०० मेगाहर्ट्झची साइन वेव्ह द्या, मॉड्युलेशन १.४४ रेडियनचं ठेवलं की मधली लाइन आणि दोन्ही बाजूंच्या लाइन अगदी सारख्या उंचीच्या होतात, म्हणजे एकाच्या तीन. त्यात ३०० मेगाहर्ट्झचा दुसरा टोन मिसळला की नऊ, तिसरा ९०० चा मिसळला की सत्तावीस. नऊ लाइनला कागदावर साडेनऊ डीबी सूट मिळते, आपल्याला पाच-सहा हवेत, म्हणजे दोन टोन पुरे. मॉड्युलेटरचं व्ही-पाय (पाय रेडियन फेज द्यायला लागणारं व्होल्टेज) ३.५ व्होल्ट धरलं तर १.४४ रेडियनला १.६ व्होल्ट पीक लागतात, ५० ओमला साधारण १४ डीबीएम, प्रत्येक टोनला. साधा फंक्शन जनरेटर इथे बहुधा कमी पडतो, मधे आरएफ अॅम्प्लिफायर टाका, आणि दोन टोन एकत्र जाताना तो सॅच्युरेट होत नाहीये ना ते बघा, नाहीतर लाइन सारख्या राहत नाहीत आणि सगळ्यात उंच लाइनच थ्रेशोल्ड ठरवते.

या डिदरची (पंपच्या फेजला मुद्दाम दिलेल्या वळवळीची) किंमत मात्र आयडलर मोजतो. आयडलरचा फेज म्हणजे पंपच्या फेजची दुप्पट वजा सिग्नलचा फेज, त्यामुळे पंपवर घातलेली सगळी फेजची वळवळ दुप्पट होऊन आयडलरवर बसते. ऑन-ऑफ सिग्नलला फारसा फरक पडत नाही, पण क्यूपीएसके किंवा क्वाम (फेजमध्येही डेटा लिहिणारे प्रकार) असेल तर हे सरळ नुकसान. तिथे दोन पंप लावून दोघांना उलट्या फेजचं डिदर देतात, म्हणजे बेरजेत ते कटतं, किंवा डिदर सोडून फायबरवरच ताण बदलता ठेवून गुंडाळतात, म्हणजे ब्रिल्वाँची फ्रिक्वेन्सी प्रत्येक मीटरला वेगळी पडते. ताण दिला की झिरो-डिस्पर्शनही सरकते, फुकट काही मिळत नाही. त्या वजा चिन्हाचा एक फायदाही आहे, आयडलर हा सिग्नलचा फेज-कॉन्जुगेट असतो, लिंकच्या मधोमध हेच सेटअप टाकलं तर पहिल्या अर्ध्या वाटेतलं डिस्पर्शन दुसऱ्या अर्ध्या वाटेत उलगडतं.

आता ओएसए. रिझोल्यूशन ०.१ नॅनोमीटर किंवा बारीक, स्पॅन १५३५ ते १५६५. मधे पंपाचा खांब, डावीकडे सिग्नल, उजवीकडे तेवढ्याच अंतरावर काहीतरी उगवलं पाहिजे. पहिल्यांदा ते इतकं बुटकं असतं की नॉइजच वाटतो. आता सिग्नलचं एक पॅडल अगदी हळू फिरवा, आयडलर वर-खाली होईल, २० डीबीपर्यंत सहज, कारण फोर-वेव्ह मिक्सिंगला पंप आणि सिग्नलचं पोलरायझेशन समांतर लागतं, काटकोनात असले की जवळपास काहीच होत नाही. एक पॅडल कमाल उंचीला, मग दुसरं, मग तिसरं, मग परत पहिलं. पंपाचे पॅडल नंतर, किंवा हातच लावू नका. आणि जमल्यावर फायबर टेपने टेबलाला चिकटवा, स्पूलवर झाकण ठेवा, एसीची झुळूक लागली तरी पोलरायझेशन सरकतं आणि जेवून येईपर्यंत आयडलर ५ डीबी खाली आलेला असतो.

दिसतोय तो खरंच आयडलर आहे का याची तपासणी सोपी आहे. सिग्नल बंद, तो गेला पाहिजे. पंप बंद, तरी गेला पाहिजे. पंप १ डीबी कमी केला की तो २ डीबी पडला पाहिजे, सिग्नल १ डीबी कमी केला की १ डीबी. पंपाचा उतार दोनच्या ऐवजी दीड येत असेल तर एकतर ब्रिल्वाँ चालू झालंय किंवा पंप सिग्नलकडे रिकामा होतोय, सर्क्युलेटरचा मीटर बघितला की लगेच कळतं कोणतं. एफिशियन्सी मोजताना बाहेर पडणारा आयडलर भागिले आत गेलेला सिग्नल असंच धरा. कोणी बाहेरच्या सिग्नलशी तुलना करतं, कोणी आतल्याशी, आणि मग आकडे जुळत नाहीत म्हणून भांडण. उणे ७ च्या हिशोबासमोर उणे ८-९ मिळालं तर छान चाललंय. उणे १५ येत असेल तर क्रमाने पॅडल, पंपची वेव्हलेंग्थ, मग स्प्लाइस, याच क्रमाने, कारण याच क्रमाने ते बहुतेक वेळा सापडतं.

रिसीव्हरला द्यायच्या आधी एक आकडा मांडा. पंप अजून २० डीबीएमच्या आसपास आहे आणि आयडलर उणे ५ च्या, म्हणजे २५ डीबीचा फरक. ४० डीबी दाबणारा एक फिल्टर लावलात तर पंप आयडलरच्या फक्त १५ डीबी खाली जातो, तेवढं पुरत नाही आणि आय डायग्रामवर (सगळे बिट एकावर एक टाकून काढलेल्या चित्रात) वरची रेघ जाड दिसते. दोन फिल्टर एकामागे एक, मधे हवा तर छोटा ईडीएफए. फोटोडायोड पहिल्यांदा कधीही थेट जोडू नका, आधी अॅटेन्युएटर पूर्ण चढवून, मग हळूहळू उतरवत. ओएसएलाही कमाल पॉवरची मर्यादा असते, म्हणून तो १ टक्क्याचा टॅप.

एवढं झाल्यावर चिपकडे या, तोच गुणाकार घेऊन. आर्सेनिक सल्फाइडचा (हीच ती चॅल्कोजेनाइड काच) नॉनलिनिअर इंडेक्स सिलिकाच्या शंभरपट, वेव्हगाइडचा (चिपवरच्या प्रकाशवाटेचा) गॅमा १० प्रति वॅट प्रति मीटर, म्हणजे एचएनएलएफच्या हजारपट, ऐकायला भारी. पण चिपवर वेव्हगाइड ६ सेंटीमीटरचं, तर अर्ध्या रेडियनला ०.८ वॅट लागतात, तेही वेव्हगाइडच्या आत, कडेच्या कपलिंगचा लॉस वेगळा. ५०० मीटरच्या स्पूलला ०.१ वॅट पुरत होते! म्हणून चिपवर लोक पंप पल्समध्ये देतात, सरासरी पॉवर कमी आणि पीक जास्त. आसाही ग्लासच्या बिस्मथ फायबरचा गॅमा ११०० प्रति वॅट प्रति किलोमीटर, १ मीटरला साधारण अर्धा वॅट. सिलिकॉनच्या ४५० बाय २२० नॅनोमीटरच्या तारेत गॅमा ३०० प्रति वॅट प्रति मीटर, १ सेंटीमीटरला १७० मिलीवॅट, कागदावर सुंदर, पण १५५० चे दोन फोटॉन मिळून १.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट होतात आणि सिलिकॉनचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) १.१२, म्हणजे पॉवर वाढवली की सिलिकॉन ती खायलाच लागतं आणि मागे उरलेले मोकळे कॅरिअर आणखी खातात. आर्सेनिक सल्फाइडचा बँडगॅप २.३ च्या वर, तिथे हा प्रकार जवळपास नाही, म्हणूनच सिडनीच्या कडॉस या ऑप्टिक्स संशोधन गटाने आणि कॅनबेराच्या एएनयू विद्यापीठाने या काचेवर इतकी वर्षं घालवली, आणि डेन्मार्कच्या डीटीयू विद्यापीठाबरोबर २००९ मध्ये ६४० गिगाबिटचं सिग्नल काही सेंटीमीटरच्या चिपवर डीमल्टिप्लेक्स करून दाखवलं.

मग चिप घ्यायची कशासाठी, तर लांबी कमी असल्यामुळे. डिस्पर्शन काही सेंटीमीटरमध्ये साचायला वेळच मिळत नाही, वेव्हगाइडची उंची-रुंदी बदलून ते हवं तिथे आणता येतं, आणि म्हणून बँडविड्थ स्पूलपेक्षा कितीतरी जास्त मिळते. ब्रिल्वाँवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका, आर्सेनिक सल्फाइडमध्ये ते सिलिकापेक्षा बरंच जोरकस असतं, सलग पंपवर चिपवरही दिसू शकतं. काम १० गिगाबिटचं, एका वेव्हलेंग्थचं असेल तर स्पूलच घ्या. टेराहर्ट्झभर पसरलेल्या पल्सशी खेळायचं असेल तर चिप, पण आधी कपलिंगचा स्टेज, लेन्स्ड फायबर आणि वरून बघायचा कॅमेरा आहे का ते बघा, आणि चॅल्कोजेनाइडच्या वेव्हगाइडवर हिरवा-निळा प्रकाश पडू देऊ नका, त्या काचेचा इंडेक्स प्रकाशाने बदलतो, म्हणून मायक्रोस्कोपचा दिवा अलाइनमेंट झाली की लगेच बंद करायचा.